बुंध्याला लाल

एकतिसाव्या कुंडीपाशी यिनदीच्या हातातल्या पट्ट्या संपल्या. तिने दुलईच्या पांढऱ्या अस्तराचा उरलेला तुकडा दातात धरून फाडला, दोन बोटं रुंद आणि वीतभर लांब, आणि डाळिंबाच्या वाकड्या बुंध्याला, मातीच्या अगदी लगत, गुंडाळून गाठ मारली. दुहेरी, न सुटणारी. मग खाली वाकून ती डाळिंबाला म्हणाली, "मास्तर गेले. घाबरू नकोस. पाणी मी घालीन."

एवढंच सांगायचं असतं. तीस झाडांना सांगून झालं होतं आणि तीसही वेळा तिचा आवाज धड राहिला होता. डाळिंबापाशी मात्र तो फाटला. हे डाळिंब मास्तरांचं फार लाडकं. अर्धा बुंधा पोकळ, उरलेल्या अर्ध्यावर सगळा संसार, आणि तरी दर जूनमध्ये हट्टाने चार-पाच फुलं काढणारं. यिनदी तिथेच ओल्या फरशीवर बसली आणि तोंडात बाहीचं टोक कोंबून रडली.

पाऊस पडत होता म्हणावं तर पडत नव्हता. सुचौ शहराचा वसंतातला पाऊस असाच असतो, नुसता ओलावा. नव्या वर्षापासून एक दिवस सूर्य धड दिसला नव्हता. भिंतीपलीकडच्या मॅग्नोलियाची फुलं उमलता उमलताच तपकिरी पडून खाली येत होती. अंगणाच्या छपरांच्या कडा नुकत्या दिसू लागल्या होत्या. म्हणजे वेळेत झालं. उजाडायच्या आत झालं.

माणूस गेला की त्याच्या झाडांना दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कळवावं लागतं. नाही कळवलं तर ती वाट बघत बसतात आणि वाट बघून बघून वाळतात. हे मास्तर यू शिरोंग यांनीच तिला सांगितलं होतं, एकोणीस वर्षांपूर्वी, कुंडीतल्या बुटक्या झाडाच्या फांदीला तार कशी वळवायची ते शिकवायच्याही आधी. त्यांचे स्वतःचे मास्तर गेले तेव्हा असल्या जुन्या चालीरीतींना सरकारची बंदी होती. कुणी पाहिलं असतं तर गळ्यात पाटी अडकवून गावभर फिरवलं असतं. तेव्हा चोवीस वर्षांच्या यू शिरोंगने पांढऱ्या पट्ट्या फांद्यांना न बांधता बुंध्याला बांधल्या आणि त्यांवर शेवाळ लावून टाकलं. तेव्हापासून या बागेत पांढरं बुंध्याला आणि लाल फांदीला. लाल म्हणजे फुलांच्या वाढदिवसाचं, दुसऱ्या महिन्याच्या बाराव्या तिथीचं. आणि दैव बघा, ती तिथी नेमकी आजच होती.

"पण कळवायचं कुणी?" यिनदीने तेव्हा विचारलं होतं. "मुलाने?"

"ज्याच्या हातचं पाणी झाड पितं, त्याने," मास्तर म्हणाले होते.

मास्तरांना मुलगा होता, पण तो दूर छंग्दूला, आणि त्याला एल्मचं झाड आणि कोथिंबीर यांतला फरक कळत नव्हता. राहिली यिनदी. तिला मात्र मनातून हक्क सांगायचा धीर नव्हता. ती मोठ्या नदीच्या उत्तरेकडची. सुचौत नदीपलीकडची माणसं म्हणजे झाडूवाले, न्हावी, मोलकरणी. त्यांच्या बोलण्याच्या ढंगावर अजूनही लोक हसतात. मास्तरांनी तिला एकोणीस वर्षं हाताखाली ठेवलं, पण गुरूला वाकून नमस्कार करायचा, त्याने शिष्याच्या हातचा चहा प्यायचा, तो विधी कधी करू दिला नाही. कुणी पाहुणा विचारायचा, "ही तुमची शिष्या का?" मास्तर कुंडीवरची नजर न काढता म्हणायचे, "ही पाणी घालते."

हे ऐकलं की दर वेळी यिनदी झारी उचलून दुसरीकडे जायची. आता तेही म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

काल संध्याकाळी तिने इस्पितळात फोन केला होता. मास्तर नव्या वर्षाच्या आधीपासून तिथे होते. काकू, म्हणजे मास्तरांची बायको, दिवसभर फोन उचलत नव्हत्या, म्हणून तिने वॉर्डाचाच नंबर लावला. कुणीतरी दमलेली बाई होती पलीकडे.

"तेवीस नंबरचे बाबा? गेले ते."

"गेले?"

"दुपारीच गेले. खाटेवर दुसरा पेशंटसुद्धा आला." आणि फोन ठेवला.

आता, गेले म्हटल्यावर पुढे काही विचारायला कुणाची जीभ उचलते? यिनदीने खोलीचं दार लावलं, दुलईचं अस्तर उसवलं आणि पट्ट्या फाडायला बसली. बाजारातलं कापड चालत नाही. घरातलं, अंगाला लागलेलं हवं.

पावणेसातला खिशातला फोन वाजला. काकूंचा नंबर. यिनदीने डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं की आपण आधी रडायचं नाही, त्यांना रडू द्यायचं.

"काकू..."

"अगं, किती वेळ वाजतोय! उठलीस का? हे बघ, काल माझा फोन बंद पडला, चार्जर इस्पितळातच राहिला. काल दुपारी यांना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले घरी न्या, आवडेल ते खायला घाला." काकू जरा थांबल्या. डॉक्टर असं म्हणाले की त्याचा अर्थ काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. "तर आता सकाळपासून माझं डोकं खातायत. आज फुलांचा वाढदिवस, बागेत न्या. नाही नेलं तर मी बसने जातो म्हणतात. उभं राहवत नाही, म्हणे बसने जातो!"

"कोण?" यिनदी म्हणाली.

"कोण म्हणजे? तुझे मास्तर! झोपेत आहेस की काय?"

मागून एक खोकला ऐकू आला आणि पाठोपाठ आवाज, बारीक पण तोच खवचट: "तिला विचार, माझी झाडं बुडवली की वाळवली?"

यिनदीने डाळिंबाची कुंडी धरली. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, काय येत होतं तेच कळत नव्हतं. जीव भांड्यात पडला म्हणावं, तर समोर एकतीस बुंधे पांढऱ्या गाठी घालून उभे होते.

काकूंचा आवाज खाली आला. बहुतेक त्या स्वयंपाकघरात गेल्या असाव्यात. "ऐक. त्यांना अल्सर सांगितलाय. तो बरा झाला म्हणून घरी सोडलं, असं. पोटातलं खरं काय ते एका अक्षराने कळता कामा नये. कळलं तर हा माणूस आठ दिवस काढायचा नाही. मी पंचेचाळीस वर्षं ओळखते त्याला, धीराचा आव आणतो, पण आतून कागद आहे कागद. डॉक्टर म्हणाले छिंगमिंगपर्यंत. तेवढे दिवस तरी सुखाने जेवू दे त्याला. आणि तुझं तोंड मेलं जन्माचं रडकं! आज जरा हसरं ठेव. नऊला येतो आम्ही."

छिंगमिंग, पितरांच्या थडग्यांना भेट द्यायचा दिवस, तीन आठवड्यांवर होता.

फोन ठेवल्यावर यिनदीने खिशातून कात्री काढली. पहिल्या कुंडीतल्या पाइनपाशी गेली, पातं पांढऱ्या पट्टीखाली सरकवलं. आणि तिचा हात थांबला. पांढरं सोडायचं नसतं, कापायचंही नसतं. पाण्याने, मातीने कुजून ते आपोआप गळून पडायला हवं. का, ते मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. पण जिवंत माणसाच्या नावाने बांधलेलं पांढरं लोखंडाने कापलं तर काय होतं, हेही कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं, कारण असली चूक आजवर कुणी केलीच नसणार. आपल्या कात्रीने छिंगमिंगच्या आधीच काही झालं तर? एरवी ती असल्या गोष्टींना हसली असती. आज तिची छाती झाली नाही. पावसाने फुगलेल्या गाठी नखांनी सुटणं तर शक्यच नव्हतं.

तिने कात्री मिटली. एकच वाट होती. पांढऱ्यावर लाल.

लाल फितींचं खोकं आठ वाजता आलं, मॅनेजर फान साहेबांच्या काखेत. फान साहेब चौतीस वर्षांचे, बागेतल्या झाडांपेक्षा बागेच्या फोटोंची जास्त काळजी करणारे. माणूस वाईट नव्हता. फिती चकचकीत नायलॉनच्या होत्या. यिनदीने एकही शब्द न बोलता खोकं ओढून घेतलं आणि बुंध्यांना बांधायला सुरुवात केली.

"अहो, खाली कुठे? वर बांधा ना, फांदीला. दिसायला नको?"

"मास्तर म्हणाले बुंध्याला," यिनदी म्हणाली. आणखी काही सुचलंच नाही.

"यू मास्तर? त्यांचं काय..." फान साहेबांनी टोपी काढून केस झटकले. त्यांनाही खरं ठाऊक होतं. काकूंनी त्यांनाही दम भरला होता. "म्हणाले असतील तर राहू द्या. त्यांच्या शब्दाबाहेर नको."

एकतीस फिती. ती एकेक फीत दोनदा गुंडाळत होती, कडेने पांढरं डोकावतंय का बघत होती, बोटाने आत ढकलत होती. झाडांकडे तिने एकदाही वर पाहिलं नाही. पहाटे ज्यांना एक सांगितलं, त्यांच्यासमोर तीन तासांत तोंड वर करून दुसरं काय सांगायचं?

बरोबर नऊला फाटकाशी चाकाची खुर्ची करकरली.

मास्तर अर्धे झाले होते. टोपीच्या खाली चेहरा म्हणून नुसती हाडं, गळ्याला काकूंची जांभळी शाल, मांडीवर पालथे टाकलेले दोन हात. हात मात्र तेच होते, रुंद नखांचे, तारेच्या जुन्या वळांचे. यिनदीने तोंड हसरं केलं. ते कसं दिसलं कोण जाणे, काकूंनी लगेच डोळे वटारले.

"काय गं नदीपलीकडची," मास्तर म्हणाले, "दात दुखतोय का?"

"नाही, मास्तर."

"मग असं काय तोंड केलंस?"

काकू घाईने म्हणाल्या, "आनंद झालाय तिला! तुम्ही बरे होऊन आलात म्हणून. यिनदी, चूल कुठे आहे तुमची? यांची पेज गार झाली, गरम करून आणते. घसा ओला झाला नाही तर बोलतील कसे, आणि बोलले नाहीत तर बाग चालेल कशी?" आणि जाता जाता यिनदीच्या दंडाला त्यांनी असा काही चिमटा काढला की तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं.

यिनदी खुर्ची ढकलत कुंड्यांच्या अंगणात आली. दगडी बाकांवर कुंड्यांच्या रांगा. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर हाताच्या उंचीला. नेमकं तेच तिला आज नको होतं.

मास्तरांनी पहिल्या कुंडीला बोटाच्या पेराने ठोकलं आणि कान दिला. टक्क. दुसरीला. तिसरीचा आवाज जरा बद्द आला.

"हिला पाणी जास्त झालंय."

"पाऊस थांबतच नाही, मास्तर."

"पाऊस वरून पडतो, तू खालून भोक मोकळं ठेवायचं. कमळाची पिंपं उपसलीस, कंद वेगळे केलेस?"

"पुढच्या आठवड्यात."

"छिंगमिंगच्या आधी झाली पाहिजेत. कंदाच्या तुकड्याला तीन डोळे ठेव, जास्त लोभ नको. आणि जूनचा पाऊस लागला की कुंड्या तिरप्या करायला मला बोलाव. तुझ्या हातून त्या एकाच बाजूला झुकतात, अंगण सगळं दारुड्यासारखं दिसतं."

"बोलावीन," यिनदी म्हणाली. "तुम्ही याच."

हा शब्द तोंडातून बाहेर काढायला तिला सगळं अंग वापरावं लागलं. मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. ते पाइनकडे बघत होते.

"लाल बुंध्याला?"

"हं?"

"लाल फांदीला बांधतात. बुंध्याला का बांधलंस?"

यिनदीने फाटकापासून इथवर याचीच तयारी केली होती. "ऑफिसचा हुकूम. फांदीला बांधलं की फोटोत झाडाचा आकार झाकला जातो म्हणतात."

"हं," मास्तर म्हणाले. "आता ऑफिस झाडांना शहाणपण शिकवणार."

निभावलं, असं तिला वाटलं. खुर्ची पुढे सरकली. एल्म, ज्युनिपर, मग जुना प्लम, त्याची शेवटची तीन फुलं शेवाळावर पडलेली. मास्तर प्रत्येकाला ठोकत होते, ऐकत होते, पुढे जात होते. बुंध्यांना हात लावला नव्हता. डाळिंबापाशी पोचतात तोच मागून बुटांचा आवाज आला आणि फान साहेब दोन्ही हात पुढे करून हसत आले.

"मास्तर! काय तब्येत सुधारलीय तुमची! बघा, तुम्ही सांगितलंत तसंच केलंय हं आम्ही. सगळ्या फिती बुंध्याला. मी म्हणत होतो वर बांधा, पण तुमचा शब्द म्हणजे शब्द."

यिनदीने खुर्चीची मूठ गच्च धरली. आता जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

छपराच्या कडेवरून एक थेंब पडला, मग दुसरा.

"हो," ते म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

"तेच म्हटलं! जाताना सगळे मिळून एक फोटो काढू." फान साहेब वळले आणि लगबगीने गेले; त्यांनाही तिथे फार वेळ हसत उभं राहणं जड जात असावं.

बुटांचा आवाज पुलापलीकडे गेला. मास्तरांनी मांडीवरचा उजवा हात उचलला, डाळिंबाच्या बुंध्याशी नेला आणि तर्जनी लाल फितीखाली सरकवली. नायलॉन करकरलं. बोट आत गेलं आणि थांबलं. त्यांच्या बोटांना डोळ्यांपेक्षा जास्त समजायचं, हे यिनदीइतकं कुणाला ठाऊक होतं? ते बोट गाठीवरून एकदा फिरलं, परत फिरलं.

"सुती आहे," मास्तर म्हणाले. "कशाचं?"

"दुलईच्या अस्तराचं." खोटं बोलायची ताकदच तिच्यात राहिली नव्हती.

"कधी बांधलंस?"

"आज पहाटे."

"उजाडायच्या आत?"

"हो."

"सगळ्यांना?"

"एकतीस."

मास्तरांनी बोट बाहेर काढलं. टोकाला माती लागली होती, ती अंगठ्याने चोळून टाकली. "कुणी सांगितलं तुला?"

यिनदी खुर्चीच्या मागून पुढे आली आणि तिने फरशीवर गुडघे टेकले. "काल वॉर्डात फोन केला. तिथली बाई म्हणाली, गेले. दुपारीच गेले म्हणाली. मास्तर, मला शिव्या द्या, मारा, मी मूर्ख आहे, मी एक शब्द पुढे विचारला नाही..."

मास्तरांच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. तिला वाटलं उबळ आली. ते हसत होते. "गेलोच होतो की दुपारी," ते म्हणाले. "टॅक्सीने. चाळीस युआन घेतले मेल्याने."

तीही हसली. हसता हसता तिने वर पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी थांबलं, कारण मास्तर आता हसत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, फांदी छाटायच्या आधी झाडाकडे बघायचे तसे, एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने.

"तू 'कुठे गेले' असं विचारलंसुद्धा नाहीस," ते म्हणाले.

यिनदीने बाहीने नाक पुसलं.

"अल्सरचा माणूस. बरा होत आलेला. त्याला कुणी गेला म्हटलं, तर माणूस आधी विचारतो, कुठे गेला? तुला लगेच पटलं."

सांगायला खूप होतं. वॉर्डातली बाई कसल्या आवाजात बोलली, रिकाम्या खाटेचं कसं म्हणाली. काकूंचा चिमटा दंडावर अजून हुळहुळत होता. यिनदीने मान खाली घातली. फरशीवर मॅग्नोलियाची एक तपकिरी पाकळी चिकटली होती. ती तिने नखाने खरवडून काढली, आणि काढून झाल्यावरही खरवडत राहिली.

तलावाच्या बाजूने कुणीतरी मुलांना हाका मारत होतं. फाटक उघडलं होतं, माणसं यायला लागली होती.

"छिंगमिंग?" मास्तरांनी विचारलं.

तिने मान हलवली नाही, पण तिचे खांदे हलायला लागले, ते तिला थांबवता आले नाहीत.

"हं," मास्तर म्हणाले.

त्यांनी शाल घट्ट ओढली. हात एकमेकांत अडकवून मांडीवर दाबून धरले. काकू खोटं बोलल्या नव्हत्या. क्षणभर हा माणूस खरंच ओल्या कागदासारखा दिसला, आत्ता फाटेल असा. त्याने डोळे मिटून घेतले. मग हळूहळू खांदे पुन्हा जागेवर आले.

"यांना पाणी कोण घालतं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"मी."

"मग रडतेस कशाला? जिने सांगायचं होतं तिनेच सांगितलंय. चार दिवस आधी सांगितलंस एवढंच. त्यांना सवय व्हायला बरं." त्यांनी डोळे उघडले. "गाठ मात्र फार आवळून मारलीस. उन्हाळ्यात बुंधा फुगतो, पट्टी रुतेल. एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची. किती वेळा सांगायचं गं तुला?"

"चुकलं, मास्तर."

"पुढच्या वेळी लक्षात ठेव." पुढच्या वेळी म्हणजे कोणत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांची नजर बाकाच्या टोकाला गेली होती. तिथे भिंतीला लागून, सगळ्यांच्या मागे, एक लहानसं एल्म होतं, चपट्या कुंडीत, गोल गरगरीत आणि काडीचाही डौल नसलेलं. यिनदीने बागेत आल्याच्या पहिल्या वर्षी तारेने वळवलेलं तिचं पहिलं झाड. मास्तरांनी त्याला तेव्हाच 'कोबी' म्हटलं होतं, आणि एकोणीस वर्षांत त्याचं दुसरं नाव झालं नव्हतं. त्याच्या बुंध्याला ना पांढरं होतं ना लाल.

"कोबीला नाही सांगितलंस?"

"ते तुमचं कुठे आहे, मास्तर? ते माझं."

"तुझी आई वारली तेव्हा तू दीड महिना गावी होतीस. तेव्हा याच्याकडे कोण बघत होतं, नदीपलीकडून तुझे काका आले होते पाणी घालायला?"

परत आल्यावर यिनदीला कोबी हिरवागार दिसला होता आणि तिने तो पावसाचा उपकार मानला होता.

"कापड उरलंय?"

तिने खिशात हात घातला. एक कातरण होतं, पट्टी म्हणावी एवढंही नव्हतं. मास्तरांनी ते घेतलं, दोन बोटांत ताणून बघितलं. "पुरेल. ने मला तिकडे."

तिने खुर्ची भिंतीपाशी नेली आणि कुंडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. मास्तर पुढे झुकले. गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला. बोटं एकमेकांना सापडत नव्हती, टोक दोनदा निसटलं. यिनदीचा हात आपोआप पुढे झाला.

"राहू दे," ते म्हणाले. "याला माझं मी सांगतो."

गाठ बसली. त्यांनी तिच्याखाली तर्जनी घालून जागा तपासली. मग तोंड पानांजवळ नेऊन काहीतरी म्हणाले. यिनदीने मुद्दाम दुसरीकडे पाहिलं, तिला ऐकू आलं नाही. ते तिच्यासाठी नव्हतंच.

पुलावर काकूंची चप्पल वाजली.

मास्तर ताठ झाले. "लाल," ते पुटपुटले. "लवकर. लाल बांध यावर. म्हातारीला दिसलं तर ती छिंगमिंगपर्यंत जेवायची नाही. आणि डोळे पूस आधी. तुझं तोंड बघून तिला सगळं कळेल."

यिनदीने बाकाखालच्या खोक्यातून शेवटची फीत ओढली, पांढऱ्यावर दोनदा गुंडाळली, कडेने डोकावणारा धागा बोटाने आत ढकलला. एक बोट जाईल एवढी जागा ठेवली. बाहीने चेहरा पुसला. कुंडी परत बाकावर जाते न जाते तोच काकू वाफाळत्या डब्यासकट येऊन ठेपल्या. त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा यिनदीकडे, मग रांगेकडे.

"अगं बाई! लाल असं बुंध्याला कुठे बांधतात का?"

"ऑफिसचा हुकूम," मास्तर म्हणाले, आणि पेजेचा चमचा यायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.